आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: बॅच जॉब चुकीच्या क्यू मॅनेजरला जोडला जातो तेव्हा

रिटर्न कोड शून्य, शेड्यूलरवर जॉब हिरवा, आणि पलीकडच्या टीमचा फोन: "आज तुमच्याकडून एकही मेसेज आलेला नाही."

मेनफ्रेमवर बॅच, म्हणजे शेड्यूलरने आपोआप चालणारे जॉब, आणि आयबीएम एमक्यू, म्हणजे प्रोग्राममधले मेसेज रांगांतून (क्यूंतून) पोचवणारं सॉफ्टवेअर, यांच्या सांध्यावर काम करणाऱ्याला हा फोन कधी ना कधी येतोच. मी पुण्यात बसून एका परदेशी बँकेची बॅच सांभाळायचो तेव्हा मला तो पहाटे पावणेतीनला आला. प्रोग्राम जुना कोबोल, कित्येक महिन्यांत त्याला कुणी हात लावलेला नाही. सिसआउटमध्ये, म्हणजे जॉबच्या छापील आउटपुटमध्ये, 'इतके मेसेज टाकले' अशी ओळ छापलेली, आणि आकडा इनपुट फाइलमधल्या रेकॉर्डशी तंतोतंत जुळणारा. मेसेज टाकणाऱ्या एमक्यूपुट कॉलने एकदाही तक्रार केलेली नाही. मग मेसेज गेले कुठे? पहिला तासभर आम्ही चॅनेल, ट्रान्समिशन क्यू, नेटवर्क असं सगळं धुंडाळलं. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. चॅनेल ठणठणीत होता. त्याच्याकडे पाठवायला काही आलंच नव्हतं.

मेसेज शेजारच्या घरी पडले होते. त्या एलपारवर, म्हणजे मेनफ्रेमच्या एका स्वतंत्र विभागावर, दोन क्यू मॅनेजर, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या एमक्यूच्या दोन प्रती, चालायचे: एक खऱ्या प्रॉडक्शनचा, दुसरा रिलीजच्या आधी रंगीत तालीम करायचा. त्यांना इथे एमक्यूपी१ आणि एमक्यूटी१ म्हणू. तालीम खरी वाटावी म्हणून दोन्हीकडे क्यूंची नावं अक्षरशः सारखी ठेवलेली. त्या रात्री आमचा जॉब टी१ला जोडला गेला, तिथली क्यू उघडली, मेसेज टाकले, कमिट केले आणि सुखाने संपला. कुठल्याही कॉलला कुरकुर करायचं कारणच नव्हतं.

हे दुखणं एकदा बरं झालं की कायमचं गेलं, असं होत नाही. नवी लायब्ररी आली, जॉब दुसऱ्या एलपारवर गेला, कुणी जुनं जेसीएल (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळी) कॉपी करून नवा जॉब बनवला, की ते वेगळ्या तोंडाने परत येतं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

जोडणी होते कशी

मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर क्यू मॅनेजर हा एक सबसिस्टिम असतो आणि त्याचं नाव म्हणजे सबसिस्टिमचं नाव. रोमन लिपीत मोजून जास्तीत जास्त चार अक्षरं. लिनक्सवर किंवा विंडोजवर हेच नाव ४८ अक्षरांपर्यंत जाऊ शकतं, आणि क्यू मॅनेजरला जोडणाऱ्या एमक्यूकॉन कॉलचं पहिलं पॅरामीटर सगळीकडे ४८ बाइटचंच आहे. चारचं नाव आणि अठ्ठेचाळीसची पेटी, या फरकातून काय घडतं ते पुढे येईल.

दुसरी गोष्ट लिनक्सच्या जगातून मेनफ्रेमवर आलेल्यांना पचायला जड जाते. कोबोल किंवा असेंबलरमधला बॅच प्रोग्राम फक्त त्याच एलपारवर चालणाऱ्या क्यू मॅनेजरला जोडला जातो. आयपी पत्ता नाही, पोर्ट नाही, क्लायंट चॅनेल नाही. मधे असतो तो बॅच अॅडॅप्टर, म्हणजे जॉब चालताना लोड होणारी काही मॉड्यूल्स, आणि तो त्याच सिस्टिमच्या सबसिस्टिम यादीत नाव शोधतो. शेजारच्या एलपारवर तुमचा क्यू मॅनेजर कितीही जोमात चालू असो, तुमच्या जॉबच्या लेखी तो नाहीच. दूरच्या क्यूसाठी असलेला मेसेजही आधी या स्थानिक क्यू मॅनेजरकडे जातो आणि तिथून चॅनेलने पुढे.

तिसरी गोष्ट म्हणजे सगळ्या भानगडींचं मूळ. एमक्यूकॉनला नाव कोरं दिलं, तर प्रोग्राम डीफॉल्ट क्यू मॅनेजरला जोडला जातो. बॅचसाठी हा डीफॉल्ट सीएसक्यूबीडीईएफव्ही नावाच्या एका चिमुकल्या लोड मॉड्यूलमध्ये लिहिलेला असतो. पुढे त्याला 'डीफॉल्ट मॉड्यूल' म्हणतो, दरवेळी एवढं टाइप करायला बोटं दुखतात. हे मॉड्यूल ज्या लायब्ररीत आधी सापडेल तिथून उचललं जातं. म्हणजे तुमचे मेसेज कुणाकडे जाणार हे प्रोग्राममध्ये लिहिलेलं नसतं आणि जेसीएलमधून प्रोग्रामला दिलेल्या पार्ममध्येही नसतं. स्टेपलिबच्या, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या लायब्ररींच्या यादीच्या, ओळी कोणत्या क्रमाने लिहिल्यात, त्यावर ते ठरतं. ही सोय ज्याने काढली त्याचा हेतू चांगलाच असणार. माझ्या अनुभवात मात्र तिने वाचवलेल्या कष्टांपेक्षा मोडलेल्या झोपा जास्त आहेत.

आधी कोड बघा, आणि कोड छापलेलाच नसेल तर आधी तो छापा

जुन्या प्रोग्राममध्ये एमक्यूकॉन फसला की 'एमक्यू एरर' एवढंच छापून अॅबेंड करायची, म्हणजे प्रोग्राम पाडायची, पद्धत दिसते. त्यातून काहीच कळत नाही. कम्प्लिशन कोड, रीझन कोड, आणि कॉलला जे नाव दिलं ते नाव, दोन्ही बाजूंनी चौकटी कंस लावून छापा. कंस यासाठी की नावामागची रिकामी जागा किंवा कचरा डोळ्यांना दिसतो.

कम्प्लिशन कोड १ आणि रीझन २००२ आलं तर घाबरू नका. प्रोग्राम आधीच जोडलेला आहे, एवढीच ती सूचना आहे. सहसा मुख्य प्रोग्रामने एमक्यूकॉन केलेलं असतं आणि सबरूटीनने पुन्हा केलेलं असतं. शून्य सोडून काहीही आलं की पाडायचं, असं लिहिलेले प्रोग्राम इथे विनाकारण पडतात.

खरी गर्दी २०५८ आणि २०५९ची. नवीन आलेल्या मुलांना मी हे पोस्टमनच्या भाषेत सांगतो. २०५८ म्हणजे 'या गावात या नावाचं कुणी राहत नाही'. २०५९ म्हणजे 'घर सापडलं, पण कुलूप आहे'. पहिल्यात नाव या सिस्टिमला माहीतच नाही. दुसऱ्यात सबसिस्टिम माहीत आहे, पण क्यू मॅनेजर चालू नाही. हे दोन कोड एकच समजून 'क्यू मॅनेजर डाऊन आहे का बघा' असा फोन ऑपरेशन्सला लावणारे बरेच असतात. २०५८ला तो फोन फुकट जातो.

२०५८: नाव सापडलं नाही

'काल चालला, आज पडला, परत सबमिट केला तर चालला.' हे वाक्य कानावर आलं की मी दुसरं काही बघत नाही. दोन्ही वेळच्या जॉब लॉगची पहिली ओळ काढतो. जॉब चालवणाऱ्या जेईएस२च्या लॉगमध्ये अगदी वर, अक्षरांमध्ये जागा सोडून, सिस्टिमचं नाव छापलेलं असतं. दोन एलपार एकच स्पूल (जॉबची रांग) वापरत असतील, तर जिथे इनिशिएटर (जॉब चालवायची जागा) मोकळा तिथे जॉब जातो. एका एलपारवर एमक्यूपी१ आहे, दुसऱ्यावर नाही. पुन्हा सबमिट केल्यावर चालला, कारण योगायोगाने बरोबर एलपारवर गेला. महिनाअखेरीला इनिशिएटर भरलेले असतात, जॉब एरवी जिथे जात नाहीत तिथे जातात, आणि म्हणूनच हे दुखणं नेमकं महिनाअखेरीला डोकं वर काढतं.

तात्पुरता इलाज म्हणजे जॉबपार्म ओळीत सिसअॅफ देऊन जॉबला एलपारशी बांधून टाकणं. मी हे रात्री करतो आणि सकाळी काढून टाकायला सांगतो. का, ते २०५९मध्ये येईल.

एलपार बरोबर आहे आणि तरी २०५८ येतंय, तर कन्सोलवर डिस्प्ले एसएसआय कमांडने सबसिस्टिम यादीत नाव आहे का ते बघायला सांगा. नसेल तर सिस्टिम प्रोग्रामर सेटएसएसआय अॅड करून ते लगेच घालू शकतो, आयपीएलची, म्हणजे सिस्टिम पुन्हा सुरू व्हायची, वाट बघावी लागत नाही. मात्र पार्मलिबमधल्या आयईएफएसएसएन मेंबरमध्ये ती ओळ घालायला तो विसरला, तर पुढच्या आयपीएलनंतर तुम्ही पुन्हा इथेच. हे मी दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा रविवारी.

एलपार बरोबर, सबसिस्टिम आहे, तरी २०५८? मग नावातच खोट आहे. इथे ती अठ्ठेचाळीसची पेटी आठवा. कुणीतरी वर्किंग स्टोरेजमध्ये क्यू मॅनेजरच्या नावाचं फील्ड चार बाइटचं केलेलं असतं, कारण नाव चारच अक्षरांचं. एमक्यूकॉन मात्र त्या पत्त्यापासून ४८ बाइट वाचतं. त्या फील्डच्या मागे योगायोगाने रिकाम्या जागा होत्या तोवर सगळं छान चाललं. मग एका रिलीजमध्ये कुणी तिथे खात्याचा प्रकार की तारीख असं फील्ड घुसवलं, आणि नावाला शेपूट फुटलं. बदल करणारा शपथेवर सांगतो की 'मी एमक्यूला हातही लावला नाही', आणि तो खोटं बोलत नसतो.

पार्ममधून नाव घेणाऱ्यांचा प्रकार याच जातीचा. लिंकेज सेक्शनमध्ये आधी दोन बाइट लांबी येते, मग मजकूर. लांबी न बघता सगळं फील्ड हलवलं तर चार अक्षरांमागे जे काही पडलेलं असेल तेही येतं. आधी ४८ बाइटमध्ये रिकाम्या जागा भरा, मग लांबीइतकाच मजकूर हलवा. आणि नावात लहान-मोठी लिपी एकच मानली जात नाही, तेव्हा कंट्रोल कार्डात कुणी लहान अक्षरांत नाव टाइप केलं तर तेही २०५८च.

एक नमुना मला विशेष आवडतो. आमच्याकडच्या एका नव्या मुलीने जेसीएल नीटनेटकं करायचं म्हणून क्यू मॅनेजरचं नाव सेट ओळीत सिम्बॉलिक केलं आणि पार्ममध्ये व कंट्रोल कार्डात तोच सिम्बॉल वापरला. पार्म बरोबर बदलला. कंट्रोल कार्ड मात्र जेसीएलच्या आतच लिहिलेला इनस्ट्रीम डेटा होता. तिथे सिम्बॉल आपोआप बदलत नाहीत. आधी एक्स्पोर्ट ओळ द्यावी लागते आणि त्या डीडीवर (जेसीएलमधल्या फाइलच्या ओळीवर) सिम्बॉल्स हे पॅरामीटर लावावं लागतं. तिने कंस लावून नाव छापलं होतं, म्हणून सिसआउटमध्ये चौकटी कंसात अँपरसँडसकट सिम्बॉलचंच नाव दिसलं. पाच मिनिटांत प्रश्न मिटला. "दादा, तुमचे ते कंस कामाला आले," म्हणाली. कंस नसते तर आम्ही दोघं दुपारभर सबसिस्टिम तपासत बसलो असतो.

२०५९: घराला कुलूप

इथे ऑपरेशन्सला फोन बरोबर आहे. एमक्यूपी१एमएसटीआर हा अॅड्रेस स्पेस चालू आहे का ते बघायचं. आयपीएलनंतर लगेच सुटणारे जॉब क्यू मॅनेजर उठायच्या आत धावतात आणि पडतात. क्यू मॅनेजर पूर्ण तयार झाला की सिसलॉगमध्ये सीएसक्यूवाय०२२आय हा संदेश येतो, त्याची वेळ आणि जॉब सुरू झाल्याची वेळ शेजारी ठेवून बघा.

प्रोग्राममध्ये थोडा धीर घालणं हा साधा उपाय. २०५९ आलं तर लँग्वेज एन्व्हायर्नमेंटची सीईई३डीएलवाय ही सेवा वापरून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा, चार-पाच वेळा. २०५८ला मात्र थांबू नका. गावात नसलेला माणूस वाट बघून येत नाही.

आता सिसअॅफचा धोका. मोठ्या ठिकाणी क्यू मॅनेजर कोसळला तर ऑटोमॅटिक रीस्टार्ट मॅनेजर तो दुसऱ्या एलपारवर उठवू शकतो. क्यू मॅनेजर गेला दुसऱ्या घरी, आणि तुमचा जॉब सिसअॅफने जुन्या घराच्या उंबऱ्याला बांधलेला. जुन्या एलपारवर सबसिस्टिमची नोंद आहे, क्यू मॅनेजर नाही, म्हणून २०५९. ऑपरेटर सांगतो 'एमक्यू तर चालू आहे', आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो.

याला खरा उपाय शेड्यूलिंग एन्व्हायर्नमेंट. वर्कलोड मॅनेजरमध्ये क्यू मॅनेजरसाठी एक रिसोर्स बनवायचा, जॉब कार्डावर शेडएन्व्ह द्यायचं, आणि ज्या एलपारवर क्यू मॅनेजर चालू असेल तिथे ऑटोमेशनने तो रिसोर्स ऑन करायचा. क्यू मॅनेजर हलला की जॉबही मागोमाग हलतात. कुठेच चालू नसेल तर जॉब पडत नाही, रांगेत थांबतो. जॉब बघायच्या एसडीएसएफमध्ये त्याची स्थितीही दिसते. सिस्टिम प्रोग्रामरच्या मागे लागून हे करून घ्यायला आम्हाला बरेच दिवस लागले, पण त्यानंतर रात्रीचे फोन खरोखर कमी झाले.

बाकीचे कोड, भराभर

२०३५ म्हणजे परवानगी नाही. जॉबच्या आणि सिस्टिमच्या लॉगमध्ये आयसीएच४०८आय शोधा, त्यात युजर आयडी, क्लास आणि प्रोफाइल तिन्ही असतात. जोडणीसाठी क्लास एमक्यूकॉन, प्रोफाइल एमक्यूपी१.बॅच, आणि हवा असतो रीड अॅक्सेस. ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सीआयसीएससाठी वेगळं प्रोफाइल असतं, म्हणून 'ऑनलाइन तर चालतंय' हा युक्तिवाद इथे चालत नाही. परवानगी दिल्यावर सेटरॉप्ट्सने त्या क्लासचं रॅकलिस्ट रीफ्रेश करायला सांगा. न केल्यामुळे 'दिली तरी मिळत नाही' म्हणून परत आलेली तिकिटं मोजायला गेलो तर हाताची बोटं पुरणार नाहीत.

२१२९, २१३० आणि २१३२ हे लायब्ररीचे कोड. अॅडॅप्टरचं जोडणी मॉड्यूल, सर्व्हिस मॉड्यूल किंवा डीफॉल्ट मॉड्यूल लोड झालं नाही, असा अनुक्रमे अर्थ. एमक्यूची एससीएसक्यूऑथ आणि भाषेची लायब्ररी, इंग्रजी असेल तर एससीएसक्यूएएनएलई, स्टेपलिबमध्ये किंवा लिंकलिस्टमध्ये हव्यात. २१३१ म्हणजे डीफॉल्ट मॉड्यूल सापडलं, पण त्याच्या पोटात जे हवं ते नाही. भलत्याच कशाने तरी ते नाव घेतलंय. आणि एक नेहमीचा घोळ: स्टेपमध्ये स्टेपलिब असेल तर त्या स्टेपपुरता जॉबलिब विचारातच घेतला जात नाही. वरती जॉबलिबमध्ये एमक्यूच्या लायब्ररी आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

२०८५ हा क्यू उघडणाऱ्या एमक्यूओपनला मिळतो: या नावाची क्यू इथे नाही. लोक लगेच क्यू डिफाइन करायला धावतात. थांबा. क्यू कालपर्यंत होती ना? मग तुम्ही भलत्याच क्यू मॅनेजरला जोडले गेला असाल. चुकीच्या जागी क्यू डिफाइन केली की पुढच्या वेळी २०८५ही येणार नाही, आणि मग आपण शेवटच्या, सगळ्यात वाईट प्रकारात पोचतो.

कोड शून्य आणि मेसेज भलतीकडे

परत त्या रात्रीकडे. चॅनेल निर्दोष ठरल्यावर एमक्यू ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "जॉब कुणाला जोडला गेला होता?" मी म्हटलं, "पी१लाच, अजून कुणाला?" "ते तुम्हाला वाटतं. जॉबने काय सांगितलं?" जॉबने काहीच सांगितलं नव्हतं. जेसीएल उघडलं, पार्म नाही. सोर्स उघडला, नावाच्या फील्डमध्ये स्पेसेस.

त्यांनी दोन्ही क्यू मॅनेजरवर त्या क्यूची खोली बघितली. पी१वर शून्य, टी१वर आमच्या रेकॉर्डइतकीच. मग टी१वरचा पहिला मेसेज उघडून त्याचा डिस्क्रिप्टर, म्हणजे मेसेजसोबतची माहिती, वाचला. मेसेज टाकणाऱ्या अॅप्लिकेशनच्या नावात बॅचसाठी जॉबचं नाव येतं, आणि ते आमच्याच जॉबचं होतं. वेळ मात्र जुळेना, म्हणून मला क्षणभर आशा वाटली की हे कुणाचं तरी जुनं काही असेल. पण डिस्क्रिप्टरमधली वेळ ग्रिनिचची असते. जॉब लॉगची वेळ बँकेच्या गावची, माझ्या मनगटावरची पुण्याची, आणि मेसेजची तिसरीच. कागदावर बेरीज-वजाबाकी केली तेव्हा मिनिटासकट जुळली.

कारण सापडलं स्टेपलिबमध्ये. त्या संध्याकाळच्या बदलात, एमक्यूशी काही संबंध नसलेल्या एका दुरुस्तीसाठी, यादीत सगळ्यात वर एक लायब्ररी घातली होती. त्या लायब्ररीत कोण जाणे कधी कुणी तालमीचं डीफॉल्ट मॉड्यूल कॉपी करून ठेवलेलं. आतापर्यंत ती खाली असल्यामुळे कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. मेंबर ब्राउझमध्ये उघडला तर लोड मॉड्यूलच्या अगम्य अक्षरांच्या मधोमध चार अक्षरं स्वच्छ दिसत होती: एमक्यूटी१. आणि परवानग्या तपासणाऱ्या रॅकएफने का अडवलं नाही? टी१च्या बॅच प्रोफाइलवर सगळ्यांना रीड होतं. चाचणीसाठीच तर आहे, कशाला अडवायचं, असा तो विचार. प्रॉडक्शनचे युजर आयडी चाचणीच्या क्यू मॅनेजरला जोडताच येऊ नयेत, एवढी एकच गोष्ट नीट असती तर जॉब २०३५ने जागीच पडला असता आणि मी त्याला दुवा दिला असता.

तुमच्याकडे असा संशय असेल तर प्रोग्रामला हात लावायच्या आधी एक साधी चाचणी करा. त्याच जॉबचं स्टेपलिब जसंच्या तसं उचलून सीएसक्यूयूटिलची एक स्टेप चालवा, पार्म न देता, आणि कमांडमध्ये फक्त डिस्प्ले क्यूएमजीआर द्या. नाव दिलं नाही की ही युटिलिटीही त्याच डीफॉल्ट मॉड्यूलकडे जाते. सिसप्रिंटमध्ये सीएसक्यूयू१२१आय या संदेशात ती कुणाला जोडली गेली ते छापून येतं. हा पुरावा. टीएसओमधल्या आयएसआरडीडीएनने मॉड्यूल शोधून 'बरोबर आहे' म्हणू नका. ते तुमच्या सेशनच्या लायब्ररी दाखवतं, जॉबच्या नाही. जॉब लांबलचक चालणारा असेल तर चालू असतानाच क्यू मॅनेजरवर डिस्प्ले कॉन देऊन अॅप्लिकेशन टॅगमध्ये जॉबचं नाव दिसतंय का तेही बघता येतं.

मेसेज परत आणायचं काम तसं सरळ आहे. सीएसक्यूयूटिलच्या कॉपीने टी१च्या क्यूतले मेसेज फाइलमध्ये घ्यायचे, आणि लोडने ती फाइल पी१च्या क्यूत भरायची. कॉपीने मूळ मेसेज जात नाहीत, ते खात्री झाल्यावरच साफ करायचे. पण लोड दाबायच्या आधी दोन प्रश्न विचारा. टी१च्या क्यूत तालमीचे खोटे मेसेज मिसळलेले नाहीत ना? आणि तुम्ही शोधाशोध करत असताना कुणी जॉब दुरुस्त करून परत चालवला तर नाही? आमच्याकडे शिफ्टवरच्या एकाने चांगल्या भावनेने रीरनची तयारी केलीच होती. दोन मिनिटं उशीर झाला असता तर त्याच सूचना पी१वर दोनदा गेल्या असत्या, आणि पैशांच्या सूचना दोनदा जाणं हे एकदाही न जाण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

आता काय बदललं

डीफॉल्टवर विसंबणं बंद. प्रत्येक जॉबच्या पार्ममध्ये क्यू मॅनेजरचं नाव, आणि प्रोग्रामला नाव कोरं मिळालं तर एमक्यूकॉन करायच्या आधीच तो रिटर्न कोड १६ देऊन थांबतो.

जोडल्यावर लगेच प्रोग्राम क्यू मॅनेजर ऑब्जेक्ट चौकशीसाठी उघडतो, एमक्यूइन्कने त्याचं खरं नाव विचारतो, अपेक्षित नावाशी पडताळतो आणि सिसआउटमध्ये छापतो. पार्ममध्ये आपण जे मागितलं तेच मिळालं असणार, मग विचारायचं कशाला, असा आक्षेप आमच्याच टीममधून आला. शेअरिंग ग्रुपमुळे तो टिकत नाही. क्यू शेअरिंग ग्रुप (क्यू वाटून वापरणाऱ्या क्यू मॅनेजरांचा गट) असेल तर एमक्यूकॉनला ग्रुपचं नाव देता येतं, आणि त्या एलपारवर त्या ग्रुपचा जो सदस्य चालू असेल त्याला जोडणी मिळते. सोय उत्तम आहे, एलपार बदलला तरी जेसीएल बदलावं लागत नाही. पण क्यू खरोखर शेअर्ड असायला हवी. तिचं क्यूएसजीडिस्प शेअर्ड नसून प्रत्येक सदस्याकडे त्याच नावाची खासगी क्यू असेल, तर आजचे मेसेज एका सदस्याकडे आणि उद्याचे दुसऱ्याकडे, आणि तुम्ही परत पहिल्या परिच्छेदात. त्यामुळे ग्रुपचं नाव वापरणाऱ्या जॉबमध्ये पडताळणी सदस्याच्या नावाऐवजी ग्रुपच्या नावाशी करतो, आणि सदस्याचं नाव तरीही छापतो. परवानगीचं प्रोफाइल ग्रुपच्या नावानेही असू शकतं, हे सिक्युरिटीवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

डीफॉल्ट मॉड्यूलच्या प्रती कुठे कुठे आहेत याचा शोध घेतला तेव्हा चार-दोन नाही, बऱ्याच निघाल्या. अॅप्लिकेशनच्या लायब्ररींतून त्या सगळ्या काढल्या. एक काढायची राहिली होती, ते सहा महिन्यांनी कळलं. बदलाच्या रात्री पुन्हा कुणी जुनी लायब्ररी वर चढवली आणि एका जॉबचा पार्म दुरुस्तीच्या नादात पुसला गेला. फोन आला, पण या वेळी पलीकडच्या टीमचा नाही, आमच्याच ऑपरेटरचा: "जॉब १६ने पडलाय, सिसआउटमध्ये लिहिलंय क्यू मॅनेजरचं नाव कोरं आहे." एकही मेसेज हललेला नव्हता. पार्म भरून घेतला, जॉब परत सोडायला सांगितला, कंसातलं नाव वाचून दाखव म्हटलं, त्याने वाचलं, आणि मी फोन उशाशी ठेवला.